शेवटच्या वाडीतील मूल कोणाच्या यादीत आहे?

पुणे जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, जुन्नर शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटर अंतरावर, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर घाटघर हे गाव वसले आहे. अकोले तालुक्यात जलविद्युत प्रकल्पामुळे सर्वांना ठाऊक झालेले घाटघर वेगळे. आपण येथे जुन्नर तालुक्यातील घाटघराविषयी बोलत आहोत. जवळच जीवधन किल्ला आणि प्रसिद्ध नाणेघाट आहे. कोकणातील बंदरांवरून जुन्नरकडे येणारा माल सातवाहनांच्या काळी याच घाटाने वर चढत असे.

नाणेघाटातील लेण्यात राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. भारतातील अंकलेखनाच्या अतिशय जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या प्रतिमा आता नष्ट झाल्या आहेत, मात्र त्यांच्या माथ्यावर कोरलेली नावे शिल्लक राहिली आहेत. त्यांत काही राजकुमारांचीही नावे आहेत.

राजाच्या मुलांची नावे खडकावर दोन हजार वर्षे टिकली. त्याच डोंगरावर आज राहणाऱ्या महादेव कोळी समाजातील मुलाचे नाव निदान एखाद्या वहीत, एखाद्या जबाबदार माणसाच्या स्मरणात, वर्षभर टिकून राहते काय? जिल्हा परिषदेच्या शाळा व अंगणवाड्या यांच्या सुधारणेविषयी पुष्कळ बोलले जाते. इमारती, संगणक, गणवेश, निकाल यांची चर्चा होते. आमच्या मते या सर्व चर्चेच्या मुळाशी हा एकच साधा प्रश्न आहे. तो समजून घेण्यासाठी प्रथम व्यवस्था कशी आहे ते पाहू.

बालसेवेची उतरंड

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम 1961 साली संमत झाला आणि 1 मे 1962 पासून राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या. आपल्या धर्मग्रामांतील आजच्या अनेक आजी-आजोबांनी मुळाक्षरे गिरविली ती गावच्या ‘जीवन शिक्षण मंदिरात’, म्हणजे याच शाळांत.

या व्यवस्थेत जिल्ह्याच्या पातळीवर मुख्य कार्यकारी अधिकारी व प्राथमिक शिक्षणाधिकारी असतात. लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांची शिक्षण समिती आणि महिला व बालकल्याण समिती असते. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्याखाली एकेका बीटाचा विस्तार अधिकारी, त्याखाली साधारण दहा-बारा शाळांच्या समूहाचा केंद्रप्रमुख आणि शेवटी शाळेतील शिक्षक अशी ही उतरंड आहे.

अंगणवाडीची साखळी वेगळी आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याकडे पाठवणी, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि मातांना आहार-आरोग्याचे मार्गदर्शन अशा तिच्या सहा सेवा आहेत. गावात अंगणवाडी सेविका व मदतनीस, त्यांच्यावर पर्यवेक्षिका, आणि त्यांच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी असतात.

घाटघरच्या परिसरात आणखी एक, तिसरी साखळी येते. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. येथील आश्रमशाळा जिल्हा परिषदेकडे नसून आदिवासी विकास विभागाकडे आहेत आणि त्यांचे प्रकल्प कार्यालय आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव येथे आहे.

म्हणजे एकच मूल तीन वर्षांचे असताना एका विभागाचे असते, सात वर्षांचे झाले की दुसऱ्याचे होते आणि अकराव्या वर्षी कदाचित तिसऱ्याचे होते. मूल तेच, आई तीच, घरही तेच. परंतु प्रत्येक वेळी त्याची वही बदलते.

तीन सांधे

घराचे छप्पर गळते ते बहुधा सांध्याच्या ठिकाणी. मुलांचेही तसेच आहे. आमच्या पाहण्यात तीन सांधे विशेष धोक्याचे आहेत.

पहिला सांधा अंगणवाडी आणि इयत्ता पहिली यांमधला. ज्या बालकाचे वजन सेविकेने तीन वर्षे काळजीने नोंदविले, ते पहिलीत गेल्यावर त्याच्या अशक्तपणाचा इतिहास शाळेला कळतोच असे नाही. मूल वर्गात पेंगते, गुरुजी त्याला आळशी समजतात.

दुसरा सांधा गावची शाळा आणि पुढची शाळा यांमधला. वाडीवरच्या लहान शाळेतील वर्ग संपले की मूल आश्रमशाळेत जाते, तालुक्याच्या बाजूला नातेवाइकांकडे जाते किंवा घरी राहते. दाखला नेला म्हणजे मूल पुढच्या शाळेत पोहोचले असे गृहीत धरले जाते. मुलींच्या बाबतीत हा सांधा अधिक ठिसूळ असतो.

तिसरा सांधा ऋतूंचा. घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड पडतो, भात व नाचणी होते, रानातील हिरडा विकून चार पैसे मिळतात. तेवढ्यावर वर्ष निघत नाही. म्हणून भातकापणीनंतर अनेक कुटुंबे नारायणगाव, ओतूर, आळेफाटा या बागायती पट्ट्यात मजुरीला उतरतात. आईबापांबरोबर मुलेही जातात. हजेरीपटावर नाव एका गावी आणि मूल दुसऱ्याच गावच्या शेताच्या बांधावर धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेले, असे चित्र त्या दिवसांत दिसते.

या तिसऱ्या सांध्याविषयी कायदा मुका नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये सांगितली आहेत. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे हे त्यांतील एक आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे दुसरे. जुलै 2022 मध्ये राज्यात शाळाबाह्य मुलांच्या शोधासाठी ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ ही मोहीमही राबविण्यात आली. परंतु मोहीम पंधरवड्यात संपते, स्थलांतर मात्र दरवर्षी होते.

एका मुलीच्या मृत्यूने शिकविलेला धडा

विभागांच्या सांध्यात मूल हरवणे हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. संपन्न देशांनीही याची जबर किंमत मोजली आहे.

फेब्रुवारी 2000 मध्ये लंडन येथे व्हिक्टोरिया क्लिम्बिए ही आयव्हरी कोस्टहून आणलेली आठ वर्षांची मुलगी तिला सांभाळणाऱ्या नातेवाईक स्त्रीच्या व तिच्या साथीदाराच्या छळाने मरण पावली. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसून आले, की या मुलीला अनेकांनी पाहिले होते. समाजसेवा विभागांनी पाहिले, दोन रुग्णालयांनी पाहिले, पोलिसांनाही तिची माहिती होती. प्रत्येकाकडे सत्याचा एकेक तुकडा होता. संपूर्ण मुलगी कोणाच्याच नजरेत नव्हती.

त्यानंतर इंग्लंडमध्ये 2004 चा बालक कायदा झाला. शिक्षण आणि बालसंरक्षण या दोन्हींसाठी उत्तरदायी असा एक संचालक प्रत्येक संबंधित स्थानिक परिषदेने नेमावा आणि निवडून आलेल्या सदस्यांपैकी एकाने बालकांची जबाबदारी नावानिशी स्वीकारावी, असे त्यात ठरले. या रचनेने सर्व प्रश्न सुटले असे नाही. त्यानंतरही तेथे दुःखद घटना घडल्या. परंतु एक तत्त्व मान्य झाले. मुलाविषयी उत्तर देणारी व्यक्ती ओळखता आली पाहिजे. ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर चालणार नाही.

आपल्या तालुक्यात असा एक संचालक नाही. तरीही हे तत्त्व आचरणात आणता येते, आणि महाराष्ट्रात ते आणले गेल्याची उदाहरणे आहेत.

सुधारणा होऊ शकते

पहिले उदाहरण अंगणवाडीचे. 2002 च्या सुमारास त्यावेळच्या औरंगाबाद महसूल विभागात विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने बालकुपोषणाविरुद्ध मोहीम सुरू झाली. तिच्या अनुभवातून 2005 मध्ये राज्याचे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. या कामाचा गाभा अगदी साधा होता. प्रत्येक बालकाचे वजन खरे घ्यायचे, खरे लिहायचे आणि कमी वजनाची मुले अधिक निघाली म्हणून सेविकेला दोष द्यायचा नाही. आरोग्य खाते व बालविकास खाते यांना एकाच यादीवर काम करायला लावण्यावर भर देण्यात आला. तीव्र कुपोषित मुलांसाठी गावातच ग्राम बालविकास केंद्रे चालविण्यात आली.

परिणाम काय झाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील सुमारे 39 टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. 2012 च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांवर आलेले दिसले. उंची खुंटणे म्हणजे दीर्घकाळच्या उपासमारीची व आजारपणाची खूण. ती इतक्या कमी वर्षांत इतकी घटणे ही जगाने दखल घ्यावी अशी गोष्ट होती.

दुसरे उदाहरण शाळेचे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटाच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटातील जिल्हा परिषद शाळांत शिक्षकांना बरोबर घेऊन शिकण्याची पद्धतच बदलली. मुले रांगेत बसून फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी गटागटाने जमिनीवर बसू लागली. वस्तू हाताळून मोजू लागली, स्वतः वाचू लागली. विस्तार अधिकारी म्हणजे दफ्तर तपासून शेरा लिहिणारी व्यक्ती, हा समज तेथे मोडला. राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक ते पाहण्यास जाऊ लागले. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात कुमठे हे नाव घरोघरीच्या शिक्षकांना पाठ झाले.

या दोन्ही उदाहरणांत एक साम्य आहे. नेतृत्व करणारी व्यक्ती उतरंडीच्या वर होती की मध्ये, याला फारसे महत्त्व नव्हते. तिने आपल्या हाताखालच्या माणसांना सत्य सांगण्याचे अभय दिले आणि नजर कागदावरून उचलून मुलावर ठेवली.

सुधारणा मागेही पडते

येथेच एक गंभीर गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पाच वर्षांखालील खुंटलेल्या बालकांचे राज्यातील प्रमाण 2005-06 मध्ये सुमारे 46 टक्के होते, ते 2015-16 मध्ये सुमारे 34 टक्के झाले. परंतु 2019-21 च्या पाहणीत ते सुमारे 35 टक्के, म्हणजे जवळपास जेथल्या तेथे आढळले. जी गाडी वेगाने निघाली होती ती थांबली. अशा घटनेला अनेक कारणे असतात. परंतु माणसे बदलली की कामाचा जीव जातो, हा आपल्या सार्वजनिक जीवनातील जुना अनुभव आहे. एका तळमळीच्या अधिकाऱ्यावर उभे राहिलेले काम त्याच्या बदलीबरोबर बदलून जाते.

खोट्या नोंदींचाही अनुभव आपण घेतला आहे. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यातील सर्व शाळांची पटपडताळणी झाली, तेव्हा पटावर असलेली पण वर्गात नसलेली मुले मोठ्या संख्येने उघड झाली. एकीकडे प्रत्यक्षात असलेले मूल यादीत नाही आणि दुसरीकडे यादीतील मूल प्रत्यक्षात नाही, अशी ही विसंगती होती.

लोकप्रतिनिधींच्या बाबतीतही उणीव राहिली. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षे निवडणुकीविना प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. परंतु दूरच्या वाडीवरील मातेला ज्याच्या दाराशी जाऊन हक्काने विचारता येईल असा सदस्य त्या काळात नव्हता.

म्हणून टिकणारे नेतृत्व हवे असेल, तर ते बदली न होणाऱ्या माणसांच्या हाती असले पाहिजे. अशी माणसे म्हणजे आईबाप आणि गावकरी.

लहान शाळांचा प्रश्न

याचे महत्त्व सध्याच्या एका वादावरून कळते. 2023 मध्ये शिक्षण विभागाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ स्थापन करण्याबाबत प्रस्ताव मागविले. त्यावेळी 20 पेक्षा कमी मुले असलेल्या सुमारे 15 हजार शाळा राज्यात होत्या आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुले शिकत होती. घाटमाथ्यावरील शाळा बहुतांशी याच वर्गात मोडतात.

समूह शाळेच्या बाजूने सांगण्यासारखे काही निश्चित आहे. आठ-दहा मुलांच्या शाळेत एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो. मुलांना सवंगडी मिळत नाहीत, खेळाचा संघ होत नाही. मोठ्या शाळेत या उणिवा भरून निघतात.

परंतु घाटघरसारख्या ठिकाणी दुसरी बाजू अधिक जड आहे. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे, तो उगाच नव्हे. जुलै महिन्यात धुक्याने दहा हातांवरचे दिसत नाही, ओढ्यांना पाणी येते. गाडी येईल असे कागदावर लिहिले तरी ज्या दिवशी ती येत नाही, त्या दिवशी सहा वर्षांची मुलगी घरी राहते. असे चार दिवस झाले की तिची सवय मोडते. शाळा बंद झाली की गावातील एकमेव वाचता-लिहिता येणारा सरकारी माणूसही निघून जातो, हे वेगळेच.

आम्ही या प्रश्नावर सरसकट निवाडा देऊ इच्छित नाही. मात्र निर्णय पटसंख्येच्या तक्त्यावरून होऊ नये. त्या शाळेतील प्रत्येक मुलाचे नाव घेऊन, ते उद्या कोठे व कसे जाईल याचे उत्तर पालकांसमोर द्यावे आणि मगच निर्णय व्हावा.

ख्रिस्तसभा काय शिकविते

या विषयाकडे पाहण्याची दृष्टी आपल्याला श्रद्धेतून मिळते. प्रभू येशूने आपल्यात थोर कोण या वादात गुंतलेल्या शिष्यांपुढे एका बालकाला मध्यभागी उभे केले (मार्क 9:33-37). नेतृत्वाच्या प्रश्नाला त्याने दिलेले हे उत्तर होते. शंभर मेंढरांपैकी नव्व्याण्णव सुरक्षित असताना एकाच्या शोधात निघणारा मेंढपाळ (लूक 15:4-7) आपल्याला ठाऊक आहे. सरकारी अहवालाच्या भाषेत नव्व्याण्णव टक्के म्हणजे उत्तम यश. शुभवर्तमानाच्या भाषेत मोजणी तेथे संपत नाही, तेथून शोध सुरू होतो. आणि उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे योहानाने सांगितले आहे (योहान 10:3).

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्यात आईवडील हे मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आहेत आणि नागरी समाजाने व शासनाने त्यांना साहाय्य करावे, असे प्रतिपादन केले आहे. त्यापूर्वी 1931 मध्ये परमगुरू अकरावे पायस यांनी आपल्या सामाजिक परिपत्रकात पूरकतेचे तत्त्व मांडले होते. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्या संस्थेने त्याच्या हातून काढून घेऊ नये, आणि जेथे त्याचे बळ अपुरे पडते तेथे मोठ्या संस्थेने त्याला हात द्यावा, हा त्याचा सारांश. शाळेला लागू करायचे तर गावाचे गावाकडे राहू द्यावे, पण गावाला एकटे सोडू नये.

भारतीय कॅथोलिक महागुरूंच्या परिषदेने 2007 मध्ये शिक्षणविषयक धोरण जाहीर केले. त्यात दलित, आदिवासी व गरीब मुलांना प्राधान्य देण्याची भूमिका घेतली आहे. आपण हे धोरण आपल्या मिशन शाळांपुरते वाचतो. जी गरीब मुले आपल्या शाळांत येऊच शकत नाहीत, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. त्यांच्यापर्यंत हे धोरण जावे, असे आम्हांस वाटते.

येथे नम्रताही हवी. मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत जगभरातील ख्रिस्तसभेतही गंभीर चुका झाल्या, त्या झाकल्या गेल्या आणि त्याची कबुली देण्याची वेळ आली. 2019 मध्ये दिवंगत परमगुरू फ्रान्सिस यांनी तक्रारी दाखल करून घेण्याचे व त्यांची चौकशी करण्याचे नियम घालून दिले. तेव्हा सरकारी शाळेकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या संस्थांतील मूल कोणाजवळ मोकळेपणाने बोलू शकते, हे आपणही तपासले पाहिजे.

गावाच्या हाती काय आहे

आईबापांच्या हाती काहीच नाही असा समज खरा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमानुसार सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, अनुदानाच्या खर्चावर देखरेख करणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे आहेत. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी सभेचे इतिवृत्त आधी लिहिले जाते आणि सह्या नंतर घरोघरी जाऊन घेतल्या जातात.

अनुसूचित क्षेत्रातील गावांना त्याहून मोठा अधिकार आहे. 1996 च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभा व पंचायत यांना सामाजिक क्षेत्रांतील संस्था व त्यांतील कर्मचारी यांवर नियंत्रणाचा अधिकार देण्याची तरतूद केली. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी अशा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला. त्याचा विनियोग कसा करावा, हे ग्रामसभेत ठरते. त्याच वर्षी अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांसाठी अंगणवाडीतून एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना सुरू झाली आणि पुढे लहान मुलांसाठी अंडी-केळी देण्यात येऊ लागली.

अशा गावाच्या ग्रामसभेने एकच वही ठेवली तर? जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाचे नाव, ते आज कोठे आहे, कोणत्या शाळेत वा अंगणवाडीत आहे, स्थलांतर करून गेले असल्यास कोणत्या गावी गेले आहे, एवढेच तिच्यात असावे. ग्रामसभेत ती वाचली जावी. तीन विभागांच्या तीन वह्यांना जोडणारी ही चौथी वही. तिला मोठा खर्च लागत नाही, वाचून दाखविणारा माणूस मात्र लागतो.

आपण काय करावे

आपण घाटघरचे रहिवासी नाही. परंतु प्रत्येक धर्मग्रामाच्या हद्दीत एखादी शेवटची वाडी, एखादी वीटभट्टी, एखादी बांधकाम मजुरांची वसाहत असतेच. आपल्या प्रापंचिक बंधू-भगिनींत शिक्षक व परिचारिका पुष्कळ आहेत, निवृत्त कर्मचारीही आहेत. त्यांच्यासमोर पुढील सूचना ठेवाव्याशा वाटतात.

आपले मूल सरकारी शाळेत असेल तर व्यवस्थापन समितीचे सदस्यत्व मागून घ्यावे आणि सभेला प्रत्यक्ष जावे. तेथे रंगरंगोटीच्या आधी एक प्रश्न विचारावा : तिसरीतील किती मुलांना सोपा परिच्छेद वाचता येतो, आणि ज्यांना येत नाही त्यांची नावे काय?

आपली ग्रामसभा कधी आहे ते पाहावे. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. त्यांपैकी एका सभेत तरी अंगणवाडी व शाळा हा विषय पहिल्या क्रमांकावर घेण्याचा आग्रह धरावा.

धर्मग्रामातील लहान ख्रिस्ती समूहांनी मजुरांच्या वस्तीवर नव्याने आलेल्या कुटुंबांची चौकशी करावी. मूल शाळेविना दिसल्यास जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे. प्रवेशासाठी दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठविता येत नाही, हे नम्रपणे सांगावे. मूल संकटात दिसल्यास 1098 ही मदतवाहिनी आहे.

आपल्या मिशन शाळांनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेशी मैत्री करावी. ग्रंथालय, मैदान, प्रयोगशाळा आठवड्यातून एक दिवस वाटून घेता येईल. तेथील शिक्षकांकडून आपणही शिकावे, कारण एका खोलीत चार इयत्ता शिकविण्याचे कौशल्य त्यांच्याकडेच आहे.

एक पथ्य मात्र पाळावे. दप्तरे वाटताना गरीब मुलांची छायाचित्रे काढून ती प्रसिद्ध करू नयेत. आणि ही सेवा निखळ सेवा असावी. तिच्या मोबदल्यात कोणाच्या श्रद्धेची अपेक्षा नसावी.

शिक्षकांविषयीही एक शब्द. कड्यावरच्या शाळेत पावसाळ्यात रोज पोहोचणारा शिक्षक आणि तुटपुंज्या मानधनावर घरोघरी फिरणारी अंगणवाडी सेविका यांना आपण क्वचितच धन्यवाद देतो. त्यांच्यापाठी गाव उभे राहिले तर त्यांनाही सत्य लिहिण्याचे धैर्य येते. सुधारणेची सुरुवात तेथून होते.

नाणेघाटात एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरेने सांगतात. घाट चढून येणाऱ्या मालाची मोजणी त्याकाळी चुकत नसे. त्याच वाटेवर राहणाऱ्या मुलांची मोजणी आपल्या काळात चुकू नये. येत्या रविवारी पवित्र मिस्सामध्ये आपल्या मुलांसाठी प्रार्थना करताना, आपल्या हद्दीतील ज्या एका मुलाचे नाव आपल्याला अजून ठाऊक नाही, त्याचीही आठवण करू या. आणि सोमवारी ते नाव विचारण्यासाठी घराबाहेर पडू या.